काटा पुढे असलेलाच बरा

‘मोबाइल ५५ दाखवतो, मग दुचाकीचा काटा ६० का?’ असा सवाल करणारे वाचकपत्र वाचले. ही कंपन्यांनी केलेली फसवणूक आहे, हा त्यातला निष्कर्ष मुळीच पटला नाही. युरोपसह अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. ठरावीक मर्यादेत जास्त दाखवलेला चालतो. कारण काटा चाकाचे फेरे मोजतो आणि टायरचा घेर कायम राहत नाही. ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा टायर ४ मिलिमीटर झिजला, तर व्यास ८ मिलिमीटरने घटतो आणि काटा आणखी एखाद टक्का पुढे जातो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात जीपीएसचा आकडा बहुधा अधिक अचूक असतो, पण कात्रजच्या बोगद्यात त्याचा भरवसा नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. हौसेने मोठ्या घेराचा टायर बसवला की ही राखीव तफावत संपते आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकतो. टायर विकणाऱ्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवी.

– एक दुचाकीस्वार, सातारा