खऱ्या साइटला धक्का न लावता नवं रूप तपासायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. ठाणे, कळवा आणि ऐरोलीच्या आम्हा फोटोवाल्यांच्या साइट वर्डप्रेसवर (साइट चालवणारी एक प्रणाली) आहेत. त्यांचं रूप बदलताना येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर काही मोडू नये, यासाठी तुम्ही लावून दिलेली पद्धत इतरांच्याही कामी येईल. तेव्हा आभार तपशिलासकट.

सगळ्यात आधी तुमच्या एका नकारासाठी. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेच्या, पॅनेलमध्ये साइटची चाचणीची प्रत एका क्लिकमध्ये खऱ्या साइटवर चढवायचं बटण असतं, आणि ते तुम्ही कुणालाच दाबू देत नाही. तुमचा नियम असा: प्रतीवरून खऱ्या साइटकडे फायली जातात, डेटाबेस जात नाही. प्रतीवर आठ दिवस काम चालतं तेव्हा खऱ्या साइटवर चौकश्या येत असतात, बुकिंग होत असतं, कुठली नवरी अल्बमसाठी फोटो निवडून ठेवत असते. हे सगळं डेटाबेसमध्ये साठतं. आठ दिवसांपूर्वीचा डेटाबेस वरून चढवला की तेवढे आठ दिवस पुसले जातात, आणि साइट दिसायला झकास असल्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की हे नुकसान केवढं असेल, ते सांगायला नको.

नियम फुकट मिळत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. मेनू, विजेट, कस्टमायझरमधले रंग, साइट एडिटरमध्ये फिरवलेले टेम्प्लेट या गोष्टी फायलींत नसतात, डेटाबेसमध्येच असतात. म्हणून तुमची ती दोनशे पानी वही. प्रतीवर केलेला प्रत्येक बदल त्यात एका ओळीत: कुठल्या पानावर, कुठली सेटिंग, आधी काय होतं, आता काय आहे. खऱ्या साइटवर तेच हाताने पुन्हा करायचं. कंटाळवाणं काम आहे खरं, पण तीस ओळींना फारतर अर्धा तास लागतो.

प्रत बनवण्यातले खड्डे तुम्ही आधीच दाखवलेत. पहिला सगळ्यात वाईट: साइटचं फोल्डर कॉपी केलं, पण वर्डप्रेसच्या मूळ सेटिंगच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचं नाव जुनंच राहिलं. मग प्रतीवर काम करतोय असं समजून माणूस खऱ्या साइटवरच हात चालवत असतो. त्यामुळे आधी डेटाबेसचं नाव पाहायचं, आणि प्रतीच्या अ‍ॅडमिन पट्टीला भडक केशरी रंग द्यायचा. दुसरा पत्त्यांचा. डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडून जुना पत्ता खोडून नवा घातला, तर थीमच्या (साइटचं रूप ठरवणारा साचा) आणि प्लगइनच्या (वरून जोडलेल्या सुविधा) बऱ्याच सेटिंग उडतात. वर्डप्रेस त्या सेटिंग अक्षरसंख्येसकट लिहून ठेवतं. पत्ता २२ अक्षरांचा असेल आणि नवा २८ अक्षरांचा झाला, तर शेजारी लिहिलेली संख्या खोटी ठरते आणि ती नोंद वाचलीच जात नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञा लिहून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा ही संख्याही दुरुस्त करते. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता रंगीत तालीम) करून किती जागी बदल होणार ते बघायचं.

प्रत गूगलपासून लपवायला रोबोट्स फाइल पुरत नाही. तिने गूगलला पान वाचायला बंदी होते, पण कुठून दुवा मिळाला तर पत्ता शोधात येऊ शकतो. तुम्ही सरळ सर्व्हरवर पासवर्ड लावलात. त्यानंतर वर्डप्रेसच्या साइट हेल्थ या तपासणीच्या पानावर 'लूपबॅक'ची तक्रार दिसते, कारण साइटला स्वतःच्याच दारात पासवर्ड विचारला जातो. तिकडे दुर्लक्ष करायचं. 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' ही खूणही प्रतीवर असतेच. ती खूण डेटाबेससोबत खऱ्या साइटवर पोचली, तर साइट हळूहळू शोधातून गायब होते. बटण न दाबण्याचं हेही एक कारण.

प्रतीवरून ईमेल बंद, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं) बंद, पेमेंटला टेस्ट की (खरे पैसे न घेणारी). हे राहिलं की गिऱ्हाइकांना उरलेल्या हप्त्याची आठवण दोनदा जाते, एकदा खऱ्या साइटवरून आणि एकदा प्रतीवरून.

फोटोंच्या साइटचा अपलोड फोल्डर अवाढव्य असतो आणि तो पूर्ण कॉपी करायची गरज नाही, ही युक्तीही तुमचीच. प्रतीच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलीत, नियम टाकायचा: फोटो इथे नसेल तर खऱ्या साइटवरून दाखव. तिथे हॉटलिंक बंदी (दुसऱ्या साइटवर आपले फोटो दिसू न देणारी सोय) लावलेली असेल तर फोटोंऐवजी रिकामे चौकोन दिसतात. बंदीत प्रतीच्या पत्त्याला सूट द्यावी लागते. चाचणीसाठी निवडलेले ४० फोटो मात्र मूळ फायलींसकट प्रतीवर आणायचे.

त्या ४० फोटोंच्या निवडीसाठी ताई, तुम्हाला सलाम. चांगले फोटो नकोत, त्रास देणारे द्या, म्हणालात. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो, गुलाबी रंगाच्या परीक्षेसाठी. पावसाळ्यातलं येऊरचं जंगल, हिरव्यावर हिरवं. मासुंदा तलावाचा लांबलचक पॅनोरमा. राम मारुती रोडवरच्या दिवाळी पहाटेची गर्दी, बारीक तपशील आणि झगमगते कपडे. लाल शालूतली नवरी, रात्री, पिवळ्या दिव्यांखाली. काही उभे, काही कृष्णधवल, आणि एक मुद्दाम अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह केलेला.

तो शेवटचा फोटो फार कामाचा. वर्डप्रेस लहान प्रती बनवताना सर्व्हरवर असेल तर इमॅजिक वापरतं, नसेल तर जीडी (दोन्ही फोटो लहान-मोठे करणारी साधनं). इमॅजिक रंगांचं प्रोफाइल जपतं, जीडी टाकून देतं. प्रोफाइल गेलं की ब्राउझर फोटो एसआरजीबी (वेबचा नेहमीचा रंगसंच) आहे असं धरतो आणि फ्लेमिंगो धुतल्यासारखे फिके दिसतात. थीमला शिव्या देऊन उपयोग नाही. प्रत आणि खरी साइट या दोन्हींवर साइट हेल्थमधल्या माहितीत कुठला एडिटर आहे ते जुळवून पाहायचं, आणि फोटो चढवण्याआधीच एसआरजीबीमध्ये काढायचे. नव्या डिझाइनमध्ये क्लिक केल्यावर मूळ फाइल उघडत असेल, तर तिच्यात नोंदलेलं जीपीएसचं ठिकाणही बाहेर जातं. येऊरमधल्या घरट्याच्या फोटोबाबत ही गोष्ट फारच गंभीर आहे.

नवी थीम नवे आकार मागते, हा दुसरा घोळ. मोठ्या फोटोमागे वर्डप्रेस स्वतःहून १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती बनवतं. २५६० च्या पुढचा असेल तर तेवढा लहान केलेला आणखी एक. थीमने ६००×४०० चा चौकट-आकार नोंदवला, तरी जुन्या फोटोंना तो आपोआप मिळत नाही. मग गॅलरीत मोठी फाइलच कोंबली जाते, चौकटी वेड्यावाकड्या होतात आणि पान जड होतं. आकार पुन्हा बनवायची आज्ञा आधी त्या ४० फोटोंवर चालवायची, किती फायली आणि किती एमबी वाढले ते मोजायचं, त्यावरून पूर्ण साइटचा हिशेब करायचा. स्वस्त होस्टिंगवर बऱ्याचदा जागेआधी फायलींच्या संख्येची मर्यादा संपते. काप मध्यावरून होतो, म्हणून उभ्या फोटोत डोकी उडतात. कोडमध्ये काप वरच्या कडेपासून घ्यायला सांगितलं की नवरदेवाचा फेटा वाचतो.

वेगाचे आकडे तुम्ही भिंतीवर चिकटवायला लावलेत: मुख्य फोटो २.५ सेकंदांत, पान हलण्याचा गुण ०.१ पर्यंत, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत. पहिला मोठा फोटो लेझी लोडमधून (गरज पडेल तेव्हाच फोटो उतरवायची सोय) वगळायचा. स्लायडरचे प्लगइन हे हमखास विसरतात. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहायची, नाहीतर वाचत असताना मजकूर खाली घसरतो. आणि ३६०, ७६८, १३६६ पिक्सेल रुंदीचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवायचे. चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको, ठाणे-वाशी लोकलमध्ये साध्या फोनवर.

चढवण्याचा दिवस मंगळवार किंवा बुधवार, सकाळी. त्याआधी बॅकअप, तोही एकदा दुसरीकडे उघडून पाहिलेला. नवी चाइल्ड थीम (मूळ थीमवर बेतलेली आपली थीम) नव्या नावाच्या फोल्डरमध्ये, जुनी जागच्या जागी. लोगो, रंग आणि मेनूच्या जागा वर्डप्रेस फोल्डरच्या नावाने साठवतं, त्यामुळे नव्या थीममध्ये त्या वहीतून भराव्या लागतात, पण जुन्या थीमच्या नोंदी शाबूत राहतात. काही बिनसलं तर जुनी थीम चालू केली की झालं. सीएसएसला (रंगरूपाची फाइल) नवा आवृत्ती क्रमांक देऊन मग सर्व्हरची कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं), त्यानंतर सीडीएनची (फायली ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) कॅश साफ करायची. क्रमांक तोच ठेवला तर नेहमीच्या पाहुण्यांना नवं पान जुन्या कपड्यांत दिसतं, आणि आपल्याला मात्र सगळं ठीक दिसतं. शेवटी चौकशीचा फॉर्म स्वतः भरून ईमेल खरंच येतो का, ते बघायचं.

आता एव्हिआयएफ या फोटोंच्या नव्या फॉरमॅटचं. वर्डप्रेसला ६.५ पासून ते चालतं, पण सर्व्हरच्या इमॅजिकला किंवा जीडीलाही चालायला हवं. वहीत त्यासाठी एक पान कोरं ठेवलंय. सवड काढून तलावपाळीला चहाला या, वही आणि लॅपटॉप आम्ही आणतो.

तुमचे,
ठाणे, कळवा आणि ऐरोलीचे फोटोवाले