काका, तुमच्यामुळे दुपटी वाळली

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

फेब्रुवारीतला तो आठवडा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बाहेर बर्फ, घरात वीस दिवसांचं बाळ, आणि कपडे वाळवायचा गॅसचा ड्रायर नुसता गरगरतोय. पहिला लोड वाळायचा, दुसरा ओलाच. दुपटी, झबली खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर. साताऱ्याहून आलेली आई तासातासाला हात लावून म्हणायची, "अजून दमटच आहेत रे." इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा पार्ट, गेला असं धरून मी नवा मागवायला बसलो होतो.

"आधी बघू तर दे," म्हणत तुम्ही आलात. वर शेगडी पेटते का पाहिलंत, म्हणजे घरात गॅस आहे. ड्रायरमागच्या गॅसच्या कॉकची दांडी पाइपाच्या रेषेतच होती, म्हणजे तो उघडा. मग मला बर्फात पाठवलंत, ड्रायरची हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंटमधून ती जोरात येते का बघायला. येत होती. तेव्हा कुठे खालचं झाकण काढलंत आणि या वयात बेसमेंटच्या गार फरशीवर पालथे पडलात. "ये, तूही झोप इथं."

आत बघायच्या त्या बोटभर भोकातून दिसलेलं मी विसरणार नाही. इग्नायटर हळूहळू नारिंगी झाला, टिक् आवाज आला, विझला. निळी ज्योत नाहीच. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"इग्नायटर ठणठणीत आहे. गॅसचं दार उघडत नाहीये." ते दार म्हणजे व्हॉल्व्ह; त्यावरच्या कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, वीज मिळाली की चुंबक होतात आणि गॅसला वाट देतात. गार असताना चालतात, तापल्या की आतली तार दगा देते, म्हणून पहिला लोड तेवढा वाळतो. वीज तपासायच्या मीटरवर गार कॉइल चांगलीच दिसेल, फसू नकोस, हेही सांगितलंत. मी नको तो पार्ट आणून पुन्हा ओल्या कपड्यांसमोर बसलो असतो, काका.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच कॉइल घेऊन आलात. प्लग काढला, कॉक बंद केला, दोन स्क्रू सोडवले. गॅसच्या पाइपाला हातही लावावा लागला नाही. आणि मला बजावलंत: गॅसचा वास आला तर यातलं काहीही करायचं नाही, बटणालाही हात नाही, बाळाला घेऊन आधी बाहेर, फोन बाहेरूनच.

मग भस्सकन निळी ज्योत पेटली. पहिलं गरम दुपटं आईनं तुमच्या हातात दिलं, तुम्ही ते गालाला लावलंत आणि काही बोलला नाहीत.

आई पुढच्या महिन्यात परत जातेय. त्याआधी रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. कांदा-लसूण मसाल्याचा एक डबा तिनं तुमच्यासाठी वेगळा काढलाय.

तुमचा,
पलीकडच्या दारचा