तुळशीला कात्री लावा हो, पाप नाही लागत

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

निफाडचा पारा घसरला ही आपल्या पेपरातली बातमी वाचली आणि त्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी वाळलेल्या तुळशीचा फोटो टाकला, खाली मजकूर असा की तुळस वाळली म्हणजे घरावर संकट येणार, हा मेसेज अकरा जणांना पाठवा. सासूबाईंनी तो वाचला आणि दुपारचं जेवण अर्धं टाकलं, कारण आमच्याही तुळशीची पानं गळतायत. आता नाशिकच्या थंडीत माणसं गारठतात तिथे तुळस काय करणार, ती मुळात उबेत वाढणारी, डिसेंबर-जानेवारीत तिची वाढ थांबते, पानं बारीक होतात, थोडी झडतातही. पण हे ग्रुपवर कोण सांगणार, म्हणून म्हटलं पेपरलाच लिहू.

खरं सांगायचं तर तुळस कशी वाढवायची हे मलाही कळत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून निदान सात-आठ तुळशी मी मारल्या असतील. रोपवाटिकेतून छान रोप आणायचं, कुंडीत लावायचं, रोज तांब्याभर पाणी, आणि वर्षभरात काय तर कमरेएवढी उंच काठी, खाली सगळं उघडंनागडं खोड, पानं फक्त डोक्यावर आणि त्यावर मंजिऱ्याच मंजिऱ्या. मला तर मंजिऱ्यांचं कौतुकच वाटायचं, केवढी बहरलीय म्हणून. मग ती वाळायची, मी नवीन आणायचे.

दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला माझा भाऊ आला, त्याचा दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकून आलेला. ओवाळून झालं, बाल्कनीत चहा घेऊन गेला आणि तुळशीकडे बघून हसायलाच लागला. म्हणाला, ताई, आम्ही वेलीला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला परत, तेव्हा कुठे माल येतो, आणि तू हिला जन्मात कात्री नाही लावली होय? छाटणीची कात्री गाडीच्या डिकीतच होती, ती घेऊन आला तर सासूबाई दारात उभ्या. दहा दिवसांवर तुळशीचं लग्न आलंय, लग्नाच्या तोंडावर नवरीचे केस कापतात का कुठे! भाऊ म्हणाला, मावशी, कापत नाही, पार्लरला नेतोय असं समजा. त्यावर त्या हसल्या, पण अट घातली की मंजिरी कचऱ्यात जाता कामा नये, सगळी देवाला.

त्याने काय केलं ते नीट सांगते कारण मला तेच कुणी कधी दाखवलं नव्हतं. तुळशीच्या फांदीवर पानं समोरासमोर जोडीने येतात, त्या जागेला पेर म्हणायचं. प्रत्येक पानाच्या बगलेत बघितलं, चष्मा लावून बघावं लागतं, तर मोहरीएवढा हिरवा ठिपका असतो, तो डोळा. कात्री त्या जोडीच्या जरासं वर लावायची, पाव इंच म्हणा, आणि तिरपी मारायची. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, शेंड्यात एक द्रव्य तयार होतं ते खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही, भाऊ याला साहेबी कारभार म्हणतो. शेंडा गेला की दोन्ही बगलांतून दोन फुटवे. त्या दोनांचे शेंडे खुडले की चार. काठीचं झुडूप असंच होतं, यात खताची जादू काही नाही.

मंजिरीचंही तसंच. मंजिरी आली की झाड बी धरायच्या मागे लागतं, सगळी ताकद तिकडे, नवीन पानं येईनाशी होतात. म्हणून मंजिरी कोवळी दिसली की लगेच खुडायची, खालच्या दोन पानांसकट. एकदोन ठेवा हवं तर बियाणाला आणि मधमाश्यांना, त्या फार येतात.

भावाने बजावून सांगितलं की एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही, आणि कापलेल्या जागेच्या खाली हिरवी पानं राहिलीच पाहिजेत, नुसत्या लाकडी झालेल्या खोडावर कापलं तर फुटेलच असं नाही. आमची काठी म्हणून एकदम खाली आणली नाही, टप्प्याटप्प्याने आणली. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मी ऊस बांधायला गेले तर कापलेल्या प्रत्येक टोकाशी दोन-दोन पोपटी फुटवे, नखाएवढे. सासूबाईंनीच आधी पाहिले, बोलल्या मात्र काही नाहीत.

आणि मला नंतर एक गंमत लक्षात आली. माझी आजी रोज सकाळी पूजेला तुळस खुडायची ती नुसतं पान नाही, शेंड्याची दोन पानं आणि मधली मंजिरी असं दळ खुडायची. म्हणजे रोज छाटणीच चालू होती की! रविवारी आणि द्वादशीला नाही, संध्याकाळी दिवेलागणीनंतर नाही, बाकी रोज. आजीच्या अंगणातली तुळस म्हणून डेरेदार होती. आम्ही फ्लॅटमध्ये आलो, पूजा आटोपशीर झाली, तुळस बाजारातून दहा रुपयांच्या पुडीत येते आणि कुंडीतल्या तुळशीला आम्ही भक्तीने हातच लावत नाही. ज्यांना वार पाळायचा त्यांनी खुशाल पाळावा, महिन्याचे वीसेक दिवस तरी उरतातच, तेवढे झाडाला पुरेसे आहेत.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या सोसायटीत खाली सिमेंटचं वृंदावन आहे, दिसायला देखणं, पण तळाला भोकच नाही. सकाळी पंधरा-वीस जणी येतात, प्रत्येकीचा एक तांब्या, शिवाय कुणी दूध, कुणी हळदकुंकू, वर बुंध्याशी टेकवून उदबत्ती आणि दिवा, पानं भाजतात ती वेगळीच. तीन तुळशी गेल्या तिथे, दर वेळी चर्चा की वास्तूत दोष आहे. दोष मुळाशी होता, मुळं कुजलेली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ड्रिलने खालून दोन भोकं पाडली तर काळं, वास मारणारं पाणी कितीतरी वेळ वाहत होतं. आता ग्रुपवर ठरलंय की बोट मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पाळतात किती जणी ते विचारू नका.

माझी मुलगी बंगळुरूला असते, ती पिझ्झा-पास्त्यासाठी बेसिल लावते, तिचंही रडगाणं हेच की आई, एकच दांडा वर गेला आणि फुलं आली. अगं म्हटलं ती तुळशीची बहीणच, आपण फालुद्यात सब्जा घालतो तो तिच्याच बियांचा, तिलाही शेंडा खुडूनच ठेवायचं. फूल आलं की तिची पानं कडवट होतात हे मात्र तिने मला शिकवलं.

आत्ता या थंडीत कुणी मोठी छाटणी करू नका बरं का. मंजिऱ्या तेवढ्या काढा, पाणी कमी करा, कुंडी उन्हात सरकवा. होळीच्या सुमारास ऊन तापायला लागलं की मग कात्री. छाटलेल्या कोवळ्या फांद्या चार-पाच इंचांच्या ठेवून, खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात उभ्या केल्या तर उबेच्या दिवसांत दोनेक आठवड्यांत मुळं धरतात, मी गेल्या पावसाळ्यात अशी सहा रोपं मैत्रिणींना वाटली. तशीही तुळस दोन-तीन वर्षांनी लाकडी होऊन थकतेच, तेव्हा तिची लेक आधीच तयार असलेली बरी.

तर संकटाचे मेसेज येतात त्याच्या शेजारी आपण एवढी माहिती छापावी ही विनंती. पत्र लांबलं, माफ करा, आज रविवार, तुळशीला हात लावायचा नाही म्हणून वेळ मिळाला.

आपली एक वाचक,
नाशिक