आधी वायर तपासा, मग रॅम

महोदय,

जळगाव-धुळ्याकडच्या कार्यालयांत संगणक रखडला की लगेच रॅमचं बिल निघतं. आधी नेटवर्कची वायर उपसून पाहा. संगणकातलेच फोल्डर झटकन उघडू लागले तर दोष पेटीत नाही. मग वायर परत लावा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड (वायरीवरचा वेग, एमबीपीएसमध्ये) १००० ऐवजी १०० दिसतो का? गिगाबिटला, म्हणजे १००० च्या वेगाला, वायरीतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच. त्यामुळे उरलेल्या चारांतली एक तार तुटली तरी नेट सुरू राहतं अन् शंकाच येत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून राउटरच्या आयपी पत्त्याला ‘पिंग -एन १००’ (ping -n 100) द्या, म्हणजे शंभर चाचणी-संदेश जातील. उत्तरं गळाली तर आरजे-४५ (वायरीच्या टोकाचा प्लग) नव्याने क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, मग स्विचचं (नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या डबीचं) पोर्ट बदला. आणि तो स्विच पत्र्याखालच्या बंद खोक्यात कोंबू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात माणूस टिकत नाही तिथं!

– एक तंत्रज्ञ, भुसावळ