अधूनमधून होणारा रक्तस्राव अंगावर काढू नये

महोदय,

दोन पाळ्यांच्या मधल्या काळात होणारा रक्तस्राव ‘उष्णतेमुळे’ किंवा ‘आता पाळी जायचीच वेळ आली’ असे म्हणून सोडून दिला जातो. माझ्या आईने तो आठ महिने कोणालाच सांगितला नाही. सुदैवाने गर्भाशयमुखावरची साधी गाठ निघाली.

कारण बहुधा साधेच असते: गर्भनिरोधक गोळ्यांचे पहिले तीन महिने, तांबी, जंतुसंसर्ग, थायरॉईड. मात्र शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव, किंवा पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यावर दिसलेला एखादा डागही तपासल्याशिवाय सोडू नये, कारण ती कर्करोगाची पहिली खूण असू शकते. दिवस गेल्याची शक्यता असताना रक्तस्रावासोबत पोटात तीव्र कळ वा चक्कर आली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक महिलांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. ही चाचणी लक्षणे नसलेल्या स्त्रियांसाठी होती. जिला रक्तस्राव होतो आहे तिची डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणीच करायला हवी. त्यासाठी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, महिला डॉक्टर आणि दार लावता येईल अशी खोली असावी, एवढी व्यवस्था आरोग्य विभागाने करावी.

– एक वाचक, सोलापूर