जुन्या वास्तूतल्या हॉटेलांविषयी लिहिताना भिंती आणि गावही पाहावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत लहान ऐतिहासिक नगरांमधल्या बुटीक हॉटेलांवर वेळोवेळी लेख येतात आणि मी ते आवडीने वाचते. खोलीची सजावट, गच्चीवरून दिसणारा देखावा, यजमानांचे अगत्य यांचे वर्णन या लेखांत सविस्तर असते आणि सोबतची छायाचित्रेही सुरेख असतात. मात्र ज्या शे-दोनशे वर्षांच्या घरात ते हॉटेल उभे आहे त्या घराचे रूपांतर कसे केले गेले, आणि ज्या गावात ते आहे त्या गावाच्या पदरी त्यामुळे काय पडले, याबद्दल त्यांत जवळजवळ काहीच नसते. माझ्या मते अशा हॉटेलची पारख याच दोन गोष्टींवरून व्हायला हवी आणि खोली राखून ठेवण्यापूर्वी पाहुण्याला याच दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बुटीक हॉटेल हा प्रकार मुळात महानगरांतला. लंडनमध्ये १९७८ साली ब्लेक्स आणि न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली मॉर्गन्स सुरू झाले, तेव्हा साखळी हॉटेलांच्या सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या खोल्यांना कंटाळलेल्या प्रवाशांना, मोजक्या खोल्यांची आणि स्वतःची ठळक अभिरुची असलेली जागा मिळाली. तिथे वेगळेपण निर्माण करावे लागत होते आणि ते काम सजावटकाराने केले. लहान ऐतिहासिक नगरात वेगळेपण आधीपासूनच उभे असते. भिंतींची जाडी, जिन्याच्या उंच पायऱ्या, खिडक्यांची मापे, बाहेरच्या गल्लीचे वळण यांत ते असते. अशा ठिकाणी हॉटेलचालकापुढचे मुख्य काम आहे ते जपून राहण्याजोगे करण्याचे असते आणि हे काम सजावटीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

जुन्या वास्तूंची हॉटेले करण्याला माझा मुळीच विरोध नाही. वापरात नसलेले घर फार लवकर खचते. छपरावरचे कौल सरकले तरी कोणाला कळत नाही, पन्हळ तुंबते, पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. माणसांचा वावर असलेल्या घरात तीच गळती लगेच दिसते आणि वेळीच बंद होते. स्पेनने हे फार पूर्वी ओळखले. तिथल्या सरकारी परादोर मालिकेतले पहिले हॉटेल १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात नव्या इमारतीत सुरू झाले, पण पुढे याच मालिकेने अनेक किल्ले, मठ आणि प्रासाद यांना मुक्कामाच्या जागा बनवून वापरात आणले. पोर्तुगालची पोसादा मालिका १९४२ मध्ये एल्वास इथे सुरू झाली आणि नंतर ओबिदोसच्या किल्ल्यातही पोहोचली. स्मारकांच्या जतनाविषयीची १९६४ ची व्हेनिसची सनद तर स्पष्ट सांगते की समाजोपयोगी वापर जतनाला मदतच करतो; मात्र त्या वापरासाठी वास्तूची मूळ रचना आणि अलंकरण बदलता कामा नये, हेही ती त्याच कलमात सांगते. कलमाचा हा उत्तरार्ध प्रत्यक्ष बांधकामाच्या वेळी सहज बाजूला पडतो, आणि आपले लेखक तिथेच थांबून पाहत नाहीत, ही माझी खंत आहे.

भिंतीचेच घ्या. जुन्या दगड-विटांच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात आणि त्यांच्या पायाशी ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतला ओलावा त्या शोषून घेतात आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून हवेत सोडून देतात. नूतनीकरणाच्या घाईत त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंटचा हात दिला की या ओलाव्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग तो भिंतीतच अडकतो, पूर्वी कधी गेला नव्हता इतका वर चढतो, आणि त्यातले क्षार पृष्ठभागाशी साचून वीट आतून भुसभुशीत करतात. काही वर्षांत भिंतीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात, आणि उपाय म्हणून पुन्हा सिमेंटच लावले जाते. मी राहिले होते अशा एका हॉटेलात पलंगामागच्या ओल्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत लाकडी फळ्या ठोकून ओल झाकली होती. खोलीत कुबट वास होता आणि फळ्यांच्या मागे भिंत आणखी कोंडली गेली होती. त्याच फळ्यांची उबदार सजावट म्हणून झालेली स्तुती मी मुक्कामापूर्वी वाचली होती. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण भिंतीला हात लावून पाहायची सवय त्याला कोणी लावली नव्हती.

दुसरी जागा न्हाणीघराची. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर ही आजच्या पाहुण्याची रास्त अपेक्षा आहे. परंतु जुन्या घराचा वरचा मजला लाकडी तुळयांवर तोललेला असतो आणि तो पाणी डोक्यावर घेण्यासाठी बांधलेला नसतो. २०० लिटरचा टब भरला की नुसत्या पाण्याचेच वजन २०० किलो होते. टबाचे, माणसाचे आणि खाली अंथरलेल्या काँक्रीट-फरशीचे वजन वेगळे. त्याहून मोठा धोका सावकाश मुरणाऱ्या पाण्याचा आहे, कारण फरशीखालची तुळई कुजत असली तरी ती दिसत नाही. जाणता वास्तुविशारद सगळ्या मजल्यांवरची न्हाणीघरे शक्यतो एकावर एक आणतो, नळ जुन्या भिंती खोदून न बसवता वेगळ्या उभ्या पोकळीतून नेतो म्हणजे दुरुस्तीला वाट राहते, आणि मोठ्या दालनात न्हाणीघराच्या भिंती छतापर्यंत न चढवता ते स्वतंत्र कपाटासारखे उभे करतो, म्हणजे नक्षीचे छत अखंड राहते आणि पुढेमागे वापर बदलला तर ते बांधकाम मूळ घराला धक्का न लावता काढून टाकता येते. ऑस्ट्रेलियातल्या बर्रा या जुन्या खाणींच्या छोट्या नगरात १९७९ मध्ये स्वीकारलेली आणि नंतर वेळोवेळी सुधारलेली सनद बदलाचा दंडक मोजक्या शब्दांत सांगते: आवश्यक तेवढा बदल करावा, पण शक्य तितका कमी करावा. खोलीत टब नाही म्हणून हॉटेलचे गुण कमी करणाऱ्या पाहुण्यांपर्यंत हा दंडक पोहोचला पाहिजे, कारण त्यांनी कापलेल्या गुणांच्या भीतीने पुढच्या वर्षी तिथे टब येतो.

हवेशीरपणाचेही असेच आहे. जाड भिंती दिवसाची उष्णता काही तास आत येऊ देत नाहीत, उंच छतामुळे गरम हवा वर राहते आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो. खोटे छत टाकून उंची कमी केली आणि खिडक्या कायमच्या बंद करून टाकल्या की घराची ही मूळ सोय संपते आणि वातानुकूलन यंत्र दिवसरात्र चालवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यंत्र असूच नये असे मी म्हणत नाही. खिडकी उघडता येते का, एवढा प्रश्न लेखकाने तरी विचारावा.

नवे काय आणि जुने काय हे पाहुण्याला कळले पाहिजे, याबद्दल माझे मत ठाम आहे. व्हेनिसच्या सनदेनुसार, हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण वास्तूशी सुसंगत असावा, पण तो मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. हॉटेलांत नेमके याच्या उलट घडताना दिसते. काल घडवलेल्या दरवाजावर जुनाट छटा चढवली जाते, दुसऱ्या प्रदेशातून विकत आणलेले नक्षीचे खांब अंगणात उभे केले जातात आणि पाहुणा त्या सगळ्यालाच घराचा इतिहास समजून परततो. ज्या कुटुंबाने हे घर बांधले, ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी त्यावर हात चालवला, त्यांच्या कामाची ओळख अशाने पुसली जाते. त्यापेक्षा जिन्याजवळ घराचा जुना नकाशा लावून कोणता भाग केव्हाचा, कुठे काय बदलले आणि का बदलले हे चार ओळींत प्रामाणिकपणे लिहिणारे हॉटेल मला कितीतरी मोलाचे वाटते.

प्रामाणिकपणाची गरज गैरसोयींच्या बाबतीतही आहे. लिफ्ट नाही, जिना अरुंद व चढा आहे, दाराची चौकट ठेंगणी आहे, वरच्या खोलीतल्या पावलांचा आवाज लाकडी जमिनीतून खाली येतो, गल्लीत मोटार शिरत नसल्याने सामान काही अंतर हाताने न्यावे लागते, या गोष्टी लपवण्यासारख्या नाहीत. त्या आधीच सांगितल्या तर गुडघे दुखणारा पाहुणा तळमजल्यावरची खोली मागतो, चाकाच्या खुर्चीवरचा पाहुणा दुसरी जागा शोधतो आणि हलकी झोप असलेला वरच्या मजल्यावर जातो. न सांगितल्यास प्रत्येकाची तक्रार होते आणि त्या तक्रारींच्या दबावाखाली पुढे जिना तोडला जातो किंवा जुन्या लाकडी जमिनीवर जाड काँक्रीट पडते. एका बाबतीत मात्र जुनेपणाची कोणतीही सबब चालणार नाही आणि ती बाब म्हणजे आग. लाकडी जिना हाच बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग असेल, तर धूर ओळखणारी यंत्रे, तपासलेली वीजवाहिनी आणि दुसरा सुटकेचा मार्ग यांशिवाय तिथे कोणाला झोपवणे योग्य नाही.

आता गावाविषयी. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटची लोकवस्ती जेमतेम ७५० च्या आसपास आहे आणि तिथे हंगामात एका दिवसात १०,००० पर्यंत पर्यटक आल्याच्या नोंदी आहेत. त्यांतले बहुसंख्य काही तासांत परत जातात. गल्ल्यांतली गर्दी, कचरा आणि गोंगाट गावाच्या वाट्याला येतो, उत्पन्न मात्र त्या मानाने थोडे येते. रात्री मुक्काम करणारा पाहुणा गावाला वेगळ्या प्रकारे उपयोगी पडतो, कारण तो सकाळ-संध्याकाळ गावात फिरतो, दुकानातून वस्तू घेतो, लोकांशी बोलतो आणि त्याची देखभाल करण्यासाठी माणसे लागतात. त्या दृष्टीने मोजक्या खोल्यांचे हॉटेल हे छोट्या नगराला पेलणारे पर्यटन आहे.

पण हॉटेलांची संख्या वाढली की यातलाही तोल जातो. लाओसमधले लुआंग प्राबांग १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले आणि त्यानंतर जुन्या गाभ्यातली अनेक घरे अतिथिगृहे व दुकाने बनली. तिथल्या रहिवाशांनी घरे भाड्याने दिली किंवा विकली आणि ते बाहेरच्या भागात राहायला गेले. पहाटे भिक्षूंना अन्नदान करणारी गाभ्यातली घरे त्यामुळे कमी झाली आणि त्या विधीभोवती कॅमेरे घेतलेल्या पाहुण्यांची गर्दी वाढली. इमारती शाबूत राहिल्या, शेजार मात्र उठून गेला. गावाचे गावपण पाहायला येणाऱ्या पाहुण्याला हे नुकसान दिसत नाही, कारण पूर्वी तिथे कोण राहत होते हे त्याला माहीतच नसते.

याला इटलीत एक वेगळे उत्तर मिळाले आणि त्याकडे आपल्या पुरवणीने मुद्दाम लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. १९७६ मध्ये फ्रिउली प्रांतात मोठा भूकंप झाला. त्यानंतर दुरुस्त केलेली पण रिकामी राहिलेली डोंगराळ गावांतली घरे कशी वापरावीत या विचारातून आल्बेर्गो दिफ्फूझो, म्हणजे गावभर पसरलेले हॉटेल, ही कल्पना पुढे आली आणि जानकार्लो दाल्लारा यांनी तिला रूप दिले. या पद्धतीत हॉटेलसाठी नवी इमारत बांधायची नसते. स्वागतकक्ष एका घरात, खोल्या जवळपासच्या रिकाम्या घरांत आणि मधल्या गल्ल्या त्या गावच्याच, अशी रचना असते. त्यासाठी गावात लोक राहत असणे ही पहिली अट असते, कारण शेजार नसेल तर ही पद्धत चालूच शकत नाही. सार्डिनियाने १९९८ मध्ये तिला कायद्याने मान्यता दिली आणि इटलीच्या इतर प्रांतांनीही पुढे तसे नियम केले. प्रत्येक नगराला हे जसेच्या तसे लागू पडणार नाही, हे मी जाणते. तरीही, रहिवासी हलवून हॉटेल वाढवायचे की रिकामी घरे भरून, हा प्रश्न कोणत्याही नगरात विचारता येतो.

आपल्याकडे माझे मागणे फार नाही. एखाद्या हॉटेलवर लेख छापताना ते घर कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधले, भिंतींची डागडुजी कशाने केली, कामावरचे गवंडी-सुतार कुठले होते आणि जुन्या कामाची जाण असलेले होते का, कर्मचाऱ्यांपैकी त्याच गावातले किती व त्यांतले जबाबदारीच्या जागी किती, उन्हाळ्यात गावाला पाणी कमी पडते तेव्हा हॉटेलचे पाणी कुठून येते आणि सांडपाणी कुठे जाते, हे प्रश्न लेखकाने हॉटेलचालकाला विचारावेत आणि मिळालेली उत्तरे लेखात द्यावीत. ज्यांनी खरोखर मन लावून काम केले आहे असे हॉटेलचालक ही उत्तरे आनंदाने देतील. त्यांनी चुना भिजवण्यापासून तुळई बदलण्यापर्यंत केलेला खटाटोप आजवर कोणी विचारलेलाही नसतो. ज्यांनी उत्तर देणे टाळले, तेवढेही लेखात नोंदवावे. छायाचित्रांपैकी एक तरी जुन्या कामाचे असावे, मग ते दुरुस्त केलेल्या तुळईचे असो की चुन्याच्या भिंतीचे, आणि त्याखाली ते काम करणाऱ्या कारागिराचे नाव, त्याची संमती असल्यास, आवर्जून छापावे.

आपली,
एक नियमित वाचक