मागची भिंत वाढली

छत्रपती संभाजीनगर,
9 नोव्हेंबर 2025

ति. बापू आणि ति. माय यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, वाईट बातमी नाही. फोन असताना कागद कशाला खराब केला, असं माय विचारील. तिला सांगा, फोनवर आपलं बोलणं पाऊण मिनिटात आटपतं. ‘बरं हाय का?’ ‘बरं हाय. तुमचं?’ ‘आमचं बी बरंच हाय.’ की ठेवला. रिकामा झाल्यापासून मी फोन जास्त करतोय, आणि तेवढंच जास्त वेळा ऐकतोय.

31 मेला सुटलो. त्या दिवशी आमच्या कार्यालयातून माझ्याबरोबर आणखी दोघं निवृत्त झाले. तिघांचीही जन्मतारीख 1 जून, म्हणजे तिघांचेही गुरुजी एकाच विचाराचे! माय म्हणते मी पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. तसं धरलं तर सरकारनं मला तीनेक महिने आधीच घरी बसवलं. पण गुरुजींना काय दोष द्यावा, तुम्ही स्वतः त्यांना म्हणाला होतात, ‘टाका कायबी, पोरगं सहाचं झालंय.’ असो. शाल, नारळ, फेटा सगळं झालं. हातात कागद दिला त्यावर लिहिलेलं, ‘कार्यमुक्त’. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावानं हा शब्द मीच टंकून काढायचो, कधी थांबून वाचला नव्हता. घरी आणून दोनदा वाचला.

मग ट्रंक उपसली. तळाशी तो निजामाचा हाली रुपया सापडला. बापू, 1989 ला मी नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही दिला होता, ‘ह्यो खर्चू नको’ म्हणून. खर्चणार कुठं, तो चालायचा बंद होऊनच तेव्हा तीस वर्षं झाली होती. एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला मला न वाचता येणारी अक्षरं. आजोबांना ती घडाघडा वाचता यायची. सहा कलदारला, म्हणजे इंग्रजी रुपयांना, सात हाली हा हिशोब तुम्ही मला पाढ्यासारखा म्हणून दाखवायचात. आता बसल्या बसल्या ध्यानात आलं की हाली म्हणजे ‘सध्याचा, चालू’. आपण ‘हल्ली’ म्हणतो ना, तो त्याचाच भाऊ. निजामानं आपल्या नाण्याला नावच दिलं होतं ‘हल्लीचा’. 1948 ला पोलिस ॲक्शन झाली, त्यानंतरही तो दहाएक वर्षं चालला आणि 1959 ला पुरता गेला. आता माझ्या तळहातावर हा हल्लीचा रुपया आहे, आणि हल्ली तो कुठंच घेत नाहीत. मला हसू आलं. सौ.नं विचारलं काय झालं. म्हटलं, मी आणि हा एकाच बॅचचे.

दिवाळीच्या आधी तुम्ही फोनवर एक वाक्य जास्तीचं बोललात, म्हणून ते लक्षात राहिलं. ‘जमीन तुमा दोघा भावांच्या नावावर करून टाक. तू तर त्याच खात्यातला.’ आहे खरं. किती बापांच्या जागी किती लेकांची नावं चढवली, मोजदाद नाही. पण सातबाऱ्यावर मालक असा शब्द नसतो, बापू. तिथं असतं भोगवटादार. पहिली पाच-सहा वर्षं मला तो सरकारी, बोजड शब्द वाटायचा. नंतर एकदा बांधाच्या भांडणातला एक म्हातारा टेबलाशी येऊन म्हणाला, ‘सायेब, भोगवटा माझा हाय, म्हंजे भोग बी माझेच का?’ सगळे हसले. मीही हसलो, आणि नंतर फेरफार लिहिताना दर वेळी तो म्हातारा आठवायचा. आपल्या चार एकरांचे भोग तुम्ही भोगलेत. 72 ला, 93 ला, आणि यंदा सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात उभं होतं तेव्हाही. नाव तुमचंच असू द्या. वाटणीचा कागद करायला मला एक दिवस पुरतो, आणि तो दिवस मला आत्ताच नकोय.

मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच दोन शब्दांबद्दल. एक तुमचा, एक मायचा.

तुमचा शब्द लाभ. मी सात-आठ वर्षांचा असेन, मोंढ्यात तुमची भाकरी घेऊन आलो की ज्वारीच्या राशीमागं बसून राहायचो. बाकी मापाडी नुसते मोजायचे, तुम्ही गायचात. पहिलं माप पोत्यात पडलं की ‘एक’ नाही, ‘लाभ’. लाभ झाला लाभ, मग दोन झाले दोन. शेजारच्या अडतीवरचे चाचा ‘बरकत’ म्हणून सुरुवात करायचे. त्यांची बरकत आणि तुमचा लाभ एकाच वेळी सुरू झाला की मला वाटायचं दोघांची भजनाची बारी लागलीय. शाळेत मी एकदा उजळणी लाभपासून सुरू केली आणि छडी खाल्ली. आज वाटतं, धान्य दुसऱ्याचं, पोतं दुसऱ्याचं, आडत्या तिसराच. तुम्हाला मिळायची ती मापाई. तरी पहिल्या मापाला तुम्ही दुसऱ्याच्या घरासाठी चांगला शब्द काढायचात, दिवसातून कितीदा तरी. मी छत्तीस वर्षं लोकांची कामं केली, पण ‘उद्या या’ हाच शब्द माझ्या तोंडून सगळ्यात जास्त गेला असणार.

मायचा शब्द वाढणं. हा शब्द मला अजून पुरता उलगडलेला नाही. जेवायला वाढतात, पोर वाढतं, आणि बांगडी फुटली तरी ती वाढते. नारळ वाढवतात. संध्याकाळी वाणी दुकान वाढवतो म्हणजे बंद करतो. आपल्या घरात तर सगळंच वाढायचं. तेल वाढलं, मीठ वाढलं, काडेपेटी वाढली. ‘संपलं’ म्हटलं की माय तोंडावर हात ठेवायची.

72 चा दुष्काळ मला आठवतो म्हणणं खोटं होईल, पाच वर्षांचा होतो. तुटक आठवतं. मिलोची लालसर भाकर, डोक्याला फडकं बांधून खडी फोडायला जाणारी माय, सुकडीची वाटी. आणि एक संध्याकाळ चांगली आठवते. माय म्हणाली, ‘पीठ वाढलंय.’ मला आनंद झाला! मी पळत जाऊन उतरंडीतलं गाडगं काढून बघितलं. आत बोटानं पुसून घेतलेलं, कडेला चिकटलेलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, ‘वाढलंय तर गेलं कुठं?’ माय हसली की रडली ते मला दिसलं नाही, ती चुलीकडं तोंड करून होती. तिनं मला वाटी देऊन शेजारी उसनं आणायला पाठवलं, आणि निघताना बजावलं, ‘तिथं पीठ नाही म्हणू नको.’ मग काय म्हणायचं, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

किल्लारीच्या वेळचं तर तुम्हाला आठवतच असेल. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. माझी नेमणूक तेव्हा अहमदपूरला. दुसऱ्या दिवशी मी गावात पोचलो. औशापासून पुढं वाटेत जे दिसलं ते तुमच्यापुढं मी कधी बोललो नाही, आताही लिहीत नाही. जाड दगडाच्या भिंती, वर मातीचं माळवद, ज्यानं उन्हाळ्यात गार ठेवलं त्याच्याखालीच माणसं गेली. आपलं घर उभं दिसलं तेव्हा माझे पाय लटपटले. माय लिंबाखाली बसली होती. मला बघून म्हणाली, ‘बरं हाय समदं. मागची भिंत वाढली तेवढी.’

भिंत वाढली! मागं जाऊन बघितलं तर सगळी आडवी, गोठ्यावर. गाय खाली. पुढं पंधरा दिवस मी पंचनामे लिहिले, ‘अंशतः पडझड’, ‘पूर्णतः पडझड’. आपल्या घराचा पंचनामा दुसऱ्यानं केला, नियमानं तसंच हवं होतं. पण मला करायला लागला असता तर मायचा शब्द कुठल्या रकान्यात बसवला असता, हे कोडं आजही सुटत नाही.

इतके दिवस हे सगळं मी चारचौघांत कौतुकानं सांगायचो. आमची माय कशी, संपलं म्हणत नाही. निरोप समारंभातही सांगितलं, टाळ्या पडल्या.

आणि परवा चुलत्याच्या पोराचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, ‘आता काकूचं प्लास्टर निघालं म्हणा.’ मी विचारलं, कसलं प्लास्टर? तो गप्प. माय, तू सप्टेंबरच्या पावसात अंगणातल्या शेवाळावरून घसरलीस, मनगट मोडलं, आणि मला कळलं ते प्लास्टर निघाल्यावर. दिवाळीला तुमच्या नातीच्या बाळंतपणामुळं आम्हाला येता आलं नाही, तेव्हा व्हिडिओवर तू उजवा हात सगळा वेळ पदराखाली धरून होतीस. मला वाटलं थंडी वाजतेय. दीड महिना भाकऱ्या कुणी थापल्या? बापू, ब्याऐंशीव्या वर्षी तुम्ही? त्या महिन्यात मी किती फोन केले ते मोबाईलमध्ये बघितलं. एकोणीस. एकोणीस वेळा ‘बरं हाय’.

मी रागावलोय. उतरून मग लिहावं म्हणून तीन दिवस थांबलो, पण राग उतरला नाही.

तुम्ही का सांगितलं नाही ते मला कळतं. उतरंडीत गाडगं लपवायचं ते मी लहान होतो म्हणून. मी आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. माझे केस पांढरे झालेत आणि मला रजा मागायची गरज उरलेली नाही. मला पीठ संपलेलं चालतं, माय. तू ‘पडले’ म्हण. बापू, तुम्ही ‘दिसत नाही’, ‘झोप नाही’, ‘पैसे पुरत नाहीत’ असं जे असेल ते म्हणा. गावातल्या लोकांना ‘वाढलं’ सांगा हवं तर.

हे एकतर्फी नको म्हणून आधी मीच सांगतो. मला साखर निघालीय, जुलैपासून गोळी चालू आहे. रात्री झोप लागत नाही. दोनदा सकाळी आंघोळ करून, डबा नसताना, कार्यालयाच्या रस्त्याला लागलो आणि चौकातून परत आलो. सौ.ला सांगितलं फिरायला गेलो होतो. म्हणजे ‘बरं हाय’ मी कुणाकडून शिकलो ते तुम्ही ओळखालच.

येळवशीला, वेळ अमावस्येला, येतोय, चार दिवस आधीच. कडब्याची कोप मी आणि धाकटा मिळून बांधू, तुम्ही फक्त धुऱ्यावर बसून चुका काढा. भज्जी आणि आंबील सुना करतील, बाजरीचे उंडेही. मायनं नुसतं चव बघून नाक मुरडायचं. अंगणात खडबडीत फरशी टाकायला गवंडी बोलावून ठेवा, पैसे मी आणतो. आणि तुमची ती जुनी मापाची पायली कुठं असेल तर काढून ठेवा. पोत्यात थोडीफार ज्वारी असेलच.

बापू, हे पत्र तुम्ही मायला मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि प्लास्टरचा मजकूर आला की चष्मा पुसायचं निमित्त करून तेवढं गाळणार. गाळू नका. तिला तुमच्या आवाजावरून कळतंच.

तुमचा,
थोरला